कारखान्यात नव्याने रुजू होताना: माणसं आणि गट कसे समजून घ्यावेत

चाकण, रांजणगाव, भोसरी, वाळूज, सातपूर. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर या एमआयडीसींमध्ये डिप्लोमा आणि इंजिनिअरिंग झालेली मुलं-मुली ट्रेनी म्हणून रुजू होतात. इंडक्शन होतं, सेफ्टी शूज मिळतात, गेटपास मिळतो. मशीनही कोणीतरी हळूहळू शिकवतं. पण लाइनवरची माणसं जशी वागतात तशी का वागतात, हे कुठल्याच इंडक्शनमध्ये सांगत नाहीत. मग ट्रेनी आपल्या मनाने शिक्के मारून मोकळा होतो: हा कामचुकार, तो तिरसट, क्वालिटीवाले आडमुठे, मेन्टेनन्सवाले बोलावल्याशिवाय हलत नाहीत.

माझी बरीच वर्षं शॉप फ्लोअरवर गेली आहेत आणि हे शिक्के बहुतेक वेळा चुकीचे ठरताना मी पाहिलं आहे. एखादा माणूस विचित्र वागतोय असं वाटलं, की त्याच्या स्वभावाकडे जाण्याआधी तीन गोष्टी शोधायच्या. त्याच्या कामाचं काय मोजलं जातं? त्याला कशाची धास्ती आहे? आणि शिफ्ट संपल्यावर त्याला कोणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा आहे? या तिन्हींची उत्तरं मिळाली की वागण्याचा अर्थ बहुधा लागतो. पुढच्या पायऱ्या ही उत्तरं शोधण्यासाठी आहेत. लेख कारखान्याचा आहे, पण बँकेत, दवाखान्यात किंवा आयटी कंपनीत लागलेल्यांनाही यातलं पुष्कळ उपयोगी पडेल.

पहिला आठवडा: दोन तक्ते

पहिला तक्ता भिंतीवर लावलेलाच असतो. प्लांट हेड, प्रॉडक्शन मॅनेजर, शिफ्ट इनचार्ज, लाइन लीडर, ऑपरेटर. तो उतरवून घ्या. दुसरा तक्ता तुम्हाला स्वतःला काढावा लागतो. मशीन बंद पडली की पहिला फोन कोणाला जातो? वाद पेटला की कोणाच्या एका वाक्याने थांबतो? कोण रजेवर असलं की अख्खी शिफ्ट अडखळते? कोणत्या माणसाला मॅनेजर स्वतः जागेवर येऊन भेटतात?

दुसऱ्या तक्त्यात नावं वेगळीच निघतात. स्पिंडलच्या आवाजावरून बेअरिंग जाणार हे ओळखणारा जुना सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारा. टाइम ऑफिसमधला क्लार्क, ज्याच्याकडे सगळ्यांच्या रजा, ओटी (जादा वेळेचं काम) आणि अडचणींची माहिती असते. स्टोअरमधल्या ताई, ज्यांना कुठला इन्सर्ट (कापणाऱ्या हत्याराचं बदलता येणारं पातं) कुठल्या कपाटात उरला आहे ते तोंडपाठ असतं. यांच्यापैकी कोणाच्याही पदात ‘मॅनेजर’ हा शब्द नसतो. तरी काम पुढे सरकतं ते यांच्यामुळे, आणि अडतंही यांच्यामुळे.

खिशात छोटी वही ठेवा. तिच्यात पाहिलेलं आणि वाटलेलं वेगवेगळं लिहा. ‘सेटर काका माझ्यावर खेकसले’ हे वाटलेलं. ‘सेटर काकांनी सकाळपासून तीनदा स्टोअरला फोन केला, इन्सर्ट आला नाही, तेवढ्यात मी टार्गेट विचारलं आणि त्यांचा आवाज चढला’ हे पाहिलेलं. दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिल्या की चूक आपोआप दिसते. ही वही कोणाला दाखवू नका आणि कोणाविरुद्ध वापरू नका.

बोलण्याची रीत पहिल्या दिवसापासूनच सांभाळा. पन्नाशीचा ऑपरेटर तेवीस वर्षांच्या ट्रेनी इंजिनिअरला ‘सर’ म्हणतो. तुम्ही त्याला काका, मामा, भाऊ, जे तिथे चालतं ते म्हणा. सगळ्यात जास्त जपा ते ठेकेदाराच्या कामगारांच्या बाबतीत. पर्मनंटला ‘अहो’ आणि ठेकेदाराच्या माणसाला ‘ए, इकडे ये’ असं बोलणारे ट्रेनी मी पाहिले आहेत. ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि पुढे अनेक वर्षं ते कोणी विसरत नाही.

चहा, बस आणि खंडेनवमी

गट कागदावर दिसत नाहीत, ते चहाच्या वेळी दिसतात. कँटीनमध्ये कोण कोणासोबत बसतं ते आठवडाभर नुसतं बघा. बऱ्याच कारखान्यांत गणवेशाचा रंगच वेगळा असतो: पर्मनंटचा एक, ठेक्याचा दुसरा, ट्रेनीचा तिसरा. शेजारच्या मशीनवर तेच काम करणाऱ्या दोन माणसांच्या पगारात मोठं अंतर असतं, आणि ते दोघांनाही रोज ठाऊक असतं. एकाला ‘आपण सगळे एक कुटुंब’ हे पोस्टर खरं वाटेल, दुसऱ्याला वाटणार नाही. त्यामुळे ठेक्यावरचा मुलगा सूचनापेटीत काही टाकत नाही म्हणून त्याला निरुत्साही ठरवू नका. ती सूचना अमलात येईपर्यंत आपण इथे असू की नाही, याची त्याला खात्री नसते.

कंपनीच्या बसमधूनही गट बनतात. एकाच रूटवर रोज तास-दीड तास एकत्र जाणारी माणसं वेगवेगळ्या खात्यांतली असली तरी एकमेकांना सांभाळून घेतात. पुरवठा विभागातली बातमी असेंब्लीला मेलच्या आधी कशी कळते, याचं उत्तर पुष्कळदा बसमध्ये असतं. शिवाय गावं असतात. ज्यांच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या ते स्थानिक, मराठवाडा-विदर्भातून आलेले, बिहार-ओडिशातून आलेले. प्रत्येकाची कारखान्याकडून अपेक्षा वेगळी. स्थानिक माणूस म्हणतो, ही आमची जमीन होती. दूरवरून आलेला म्हणतो, ओटी मिळाली तर घरी पैसे जातील.

खंडेनवमीला मशीनला झेंडूचे हार पडतात. त्या दिवशी पूजेला कोण बसतं, वर्गणी कोण गोळा करतं, नारळ फोडायला कोणाला पुढे करतात आणि कोण मागे उभं राहतं, हे बघून तुमचा दुसरा तक्ता दुरुस्त करा.

गट भरतीसोबत, गावासोबत आणि जातीसोबत कसे बांधले जातात हे आपल्याकडच्या जुन्या गिरण्यांत स्पष्ट दिसलं. मुंबईच्या कापड गिरण्यांत भरती जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, करायचा, बायकांच्या खात्यात नायकीण. माणसं आणली जायची ती आपल्या गावची, नात्यातली, ओळखीतली. त्यामुळे कामगाराची निष्ठा गिरणीपेक्षा जॉबरकडे जास्त असायची, आणि बदलीच्या पाळीला (गैरहजर माणसाच्या जागी) काम मिळणं त्याच्या मर्जीवर असायचं. विणाई खात्यात मजुरी बरी होती, पण तिथे दलित कामगारांना घेत नसत. धोट्यातून (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातून) सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे आणि सवर्ण विणकरांची त्याला हरकत होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला. वरवर ‘कामाची सवय’ किंवा ‘खात्याची पद्धत’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीच्या आत काय दडलेलं असू शकतं, याचं हे उदाहरण मला प्रत्येक ट्रेनीला सांगावंसं वाटतं. आजच्या कारखान्यातही घाणीचं, धुराचं, रात्रीचं काम कोणाच्या वाट्याला येतं ते पाहा आणि का येतं ते शोधा.

आकडा रोज तेवढाच का येतो?

इथे जरा थांबू, कारण नव्या इंजिनिअरांचा सगळ्यात जास्त गैरसमज याच बाबतीत होतो.

तुम्ही अवरली चार्ट (दर तासाच्या उत्पादनाचा तक्ता) बघता. लाइनची क्षमता हिशेबाने एका शिफ्टला चारशे वीस नग निघते. रोज तीनशे ऐंशी ते तीनशे नव्वद येतात. सोमवारी तेवढेच, गुरुवारी तेवढेच, मशीन तासभर बंद राहिली तरी जवळपास तेवढेच. म्हणजे लोक हात राखून काम करतात हे उघड आहे. इथे आळस हा शब्द वापरायची घाई करू नका. आळशी माणसाचा आकडा वर-खाली होतो. इतका सरळ आकडा यायला शिस्त लागते आणि सगळ्यांचं एकमत लागतं.

अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे १९२४ पासून अनेक वर्षं कामगारांच्या वागण्याचा अभ्यास झाला. त्यातला उजेड कमी-जास्त करण्याचा प्रयोग सगळ्यांना माहीत असतो. मला त्याहून मोलाचा वाटतो तो नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळातला अभ्यास. टेलिफोन एक्स्चेंजच्या उपकरणांत तारा जोडणारे चौदा पुरुष एका वेगळ्या खोलीत बसवले: नऊ वायरमन, तीन सोल्डर करणारे, दोन तपासनीस. एक निरीक्षक कोपऱ्यात बसून फक्त पाहायचा. पगार गटाच्या एकूण उत्पादनावर होता, म्हणजे जास्त काम केलं तर सगळ्यांनाच जास्त पैसे. कंपनीचं प्रमाण दिवसाला ७,३१२ जोडण्यांचं. गटाने मात्र आपसांत ठरवलेला ‘दिवसाचा पुरेसा आकडा’ ६,००० ते ६,६०० चा होता आणि तेवढा झाला की हात मंदावायचे. कोणी फार पुढे गेला तर त्याला टोमणे आणि दंडावर एक ठोसा. कोणी फार मागे राहिला तर त्यालाही बोलणी. साहेबाला चुगली करायची नाही. तपासनीसाने तपासनीसपणाचा तोरा मिरवायचा नाही. एखाद्या दिवशी जास्त झालं तर ते वहीत न दाखवता मंद दिवसासाठी राखून ठेवायचं.

काळ महामंदीचा होता. आपण सगळं जोर लावून केलं तर कंपनी दर कापेल किंवा माणसं कमी करेल, ही धास्ती त्या खोलीत होती. नुसतं पगाराचं गणित मांडलं तर त्यांचं वागणं तोट्याचं दिसतं. पण चौदा जणांपैकी कोणालाही घरी बसायला लागू नये, असा विचार केला तर त्यात पुरेसा अर्थ आहे.

आता आपल्या लाइनकडे या. पुणे पट्ट्यातल्या मोठ्या इंजिनिअरिंग कंपन्यांत युनियन आणि व्यवस्थापन यांच्यात दर काही वर्षांनी वेतन करार होतो आणि त्यात पगारवाढीसोबत उत्पादनाचे आकडेही ठरतात. म्हणजे आज सहज जास्त दाखवलेला आकडा उद्या करारात पाया म्हणून येऊन बसू शकतो. मग समजुतीसाठी ही चौकशी करा, घाई न करता, निरनिराळ्या लोकांकडे:

मागच्या वेळी टार्गेट वाढवलं तेव्हा पुढे काय झालं? वाढलेल्या उत्पादनातून कोणाला काही मिळालं का? लाइनवरची माणसं त्यानंतर कमी केली का? शेवटचा करार कधी झाला, पुढचा कधी आहे? आणि कोणी एकटा पुढे गेला तर त्याला कँटीनमध्ये काय ऐकावं लागतं?

एक गोष्ट अजिबात करू नका. न सांगता मोबाइलचं स्टॉपवॉच लावून ऑपरेटरच्या मागे उभं राहू नका. टाइम स्टडी (कामाला लागणाऱ्या वेळेची मोजणी) करायचाच असेल तर लाइन लीडरला, युनियन असेल तिथे कमिटी मेंबरला आधी सांगा, कशासाठी करता ते सांगा आणि झालेली मोजणी ऑपरेटरलाही दाखवा. लपून घेतलेलं मोजमाप तसंही खोटं येतं. हात त्या क्षणी मंदावलेले असतात.

खात्याखात्यांतली भांडणं

हे समजायला सोपं आहे, म्हणून थोडक्यात. प्रॉडक्शनचे नग मोजतात, क्वालिटीच्या नावावर ग्राहकाची तक्रार येते, मेन्टेनन्सचा डाऊनटाइम (मशीन बंद राहिल्याचा वेळ) मोजतात, स्टोअरला साठा कमी ठेवायला सांगतात, डिस्पॅचला महिनाअखेर गाठायची असते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हे पाचही जण एकमेकांवर ओरडतात. प्रत्येक जण आपापल्या आकड्याशी प्रामाणिक असतो. भांडण कळायचं असेल तर दोन्ही खात्यांच्या भिंतीवरचे आकडे शेजारी शेजारी लिहा. एकाचा आकडा सुधारला की दुसऱ्याचा बिघडतो, असं पुष्कळदा दिसेल.

रचना बदलली की तीच माणसं वेगळी वागतात, याचा दाखला आपल्याच देशात आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये नवे स्वयंचलित माग आले, तरी उत्पादन वाढेना आणि कापडातलं नुकसानही घटेना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे आले. त्यांना दिसलं, की कामाचे इतके तुकडे पाडले आहेत की एखाद्या मागाची पूर्ण जबाबदारी कोणाचीच नाही. ठरावीक मागांची सगळी जबाबदारी एका छोट्या गटाकडे द्यावी, ही कल्पना पुढे आल्यावर कामगारांनी ती लगेच उचलली आणि आपले गट आपणच बांधले. कामगार तेच, माग तेच. उत्पादन वाढलं, नुकसान कमी झालं.

मीटिंगमधली शांतता

सकाळच्या मीटिंगमध्ये प्लांट हेड विचारतात, ‘काही अडचण?’ सगळे गप्प. मीटिंग संपते आणि बाहेर जिन्यात अडचणींची यादी सुरू होते. नव्या माणसाला हा दुटप्पीपणा वाटतो. त्या शांततेत मात्र अनुभव असतो: मागे ज्याने अडचण सांगितली, ती सोडवायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं होतं किंवा सगळ्यांसमोर त्याचीच उलटतपासणी झाली होती.

समूहापुढे एकट्याने उभं राहणं किती जड जातं हे मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकात दाखवलं. रेषांची लांबी ओळखण्यासारखं सोपं काम. खोलीतले बाकी सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत होते. अशा फेऱ्यांत सुमारे एक तृतीयांश उत्तरं समूहाच्या बाजूने चुकली आणि जवळपास तीन चतुर्थांश लोक एकदा तरी वाहवत गेले. पण खरं उत्तर देणारा दुसरा एकच माणूस खोलीत असला, की हे प्रमाण फार खाली येई.

ही शेवटची गोष्ट ट्रेनीने पाठ करावी अशी आहे. पहिल्या सहा महिन्यांत मीटिंगमध्ये पहिला आवाज होण्याचं धाडस तुमच्याकडून कोणी मागत नाही. दुसरा आवाज मात्र तुम्ही होऊ शकता. एखाद्या ऑपरेटरने किंवा ज्युनिअरने खरी अडचण मांडली आणि खोली शांत झाली, तर एवढंच म्हणा: ‘मीही काल सेकंड शिफ्टला हेच पाहिलं.’ आणि पाहिलेला आकडा सांगा. स्वतःला काही मांडायचं असेल तर आदल्या दिवशी संबंधित माणसाला एकट्याला भेटा. मीटिंगमध्ये अचानक समोर आलेली चूक कोणीच मान्य करत नाही, तीच गोष्ट चहाच्या टपरीवर तो स्वतः सांगतो.

गप्प बसण्याची किंमत किती मोठी असू शकते, यासाठी २७ जानेवारी १९८६ ची रात्र लक्षात ठेवा. चॅलेंजर यान दुसऱ्या सकाळी उडायचं होतं. रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी फोनवरच्या बैठकीत सांगितलं, की १२ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात उड्डाण करू नये, जोडावरचे रबरी रिंग थंडीत नीट बसणार नाहीत. नासाच्या बाजूने नाराजी आली. कंपनीने थोडा वेळ मागून घेतला आणि त्या मधल्या चर्चेत एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला सांगितलं, की आता अभियंत्याची टोपी उतरव आणि व्यवस्थापकाची घाल. शिफारस उलटली. उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. त्या खोलीत दुष्ट माणसं बसलेली नव्हती. वेळापत्रकाचा आणि ग्राहकाचा दाब होता, आणि तो कसा काम करतो हे तुमच्याही महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये पाहायला मिळेल.

तुमची जागा कशी बनते

पहिल्याच महिन्यात मोठी सुधारणा सुचवू नका. एखादी छोटी अडचण शोधा जी लोकांना रोज टोचते आणि तुम्ही खरंच काढू शकता: ट्रॉलीचं मोडकं चाक, अस्पष्ट ड्रॉइंग, नाइट शिफ्टला बंद असलेला पंखा, दर वेळी तीन सह्या लागणारी स्लिप. ती काढा. कल्पना ऑपरेटरची असेल तर काइझेन शीटवर (छोट्या सुधारणांच्या नोंदीच्या कागदावर) त्याचंच नाव वर लिहा. हे एकदा केलंत की पुढची माहिती न विचारता तुमच्याकडे येते.

एखादा गट तुम्हाला चटकन जवळ करील. आनंद होईल, पण कोणाची निंदा ऐकून लगेच मान डोलवू नका. दोन महिन्यांनी त्याच निंदेची दुसरी बाजू तुमच्यासमोर येणार असते.

समजून घ्यायचं नाही अशा गोष्टी

वर सांगितलेली सगळी सबुरी दोन ठिकाणी लागू होत नाही.

पहिलं ठिकाण सुरक्षेचं. प्रेसचा गार्ड काढून ठेवणं, इंटरलॉकला (धोका असताना मशीन आपोआप थांबवणाऱ्या कळीला) तार बांधून मशीन चालवणं, लॉकआउट न करता (वीज तोडून कुलूप न लावता) आत हात घालणं. ‘इथे सगळे असंच करतात’ हे कारण ऐकू येईल आणि ते खरंही असेल, कारण तसं केलं नाही तर टार्गेट होत नाही. टार्गेटचा मुद्दा नंतर नक्की मांडा. त्या क्षणी मशीन थांबवा, शिफ्ट इनचार्जला आणि सेफ्टी ऑफिसरला सांगा, आणि लेखी नोंद करा.

दुसरं ठिकाण बाईला होणाऱ्या लैंगिक छळाचं. गटाची थट्टा म्हणून, जुन्या माणसाची सवय म्हणून ते सोडून देऊ नका. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. तिची अध्यक्ष स्त्री असते, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या सदस्य स्त्रिया असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. ठेक्यावरची कामगार आणि ट्रेनी यांनाही तिथे तक्रार करता येते. तक्रार लेखी द्यायची असते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. पुरेसं कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांची मुदत देऊ शकते. समितीतल्या सदस्यांची नावं कंपनीत दिसेल अशा जागी लावलेली असायला हवीत. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तो फलक कुठे आहे ते शोधा. नसेल तर एचआरला विचारा.